ब च्या पोटातली रेघ

पिंपरी, कारखाना वसाहत, क्वार्टर नंबर ४७
ता. २० सप्टेंबर १९५६

तीर्थरूप सोपानमामा यांस ज्योतीरामचा साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या ओट्यावरून मी उठून आलो तो चहा न पिताच आलो, याचा खेद होतो. मामींनी चहा ठेवला होता व त्याचा वासही येत होता. परंतु आपण चारचौघांसमोर मला 'भोंग्याचा बैल' म्हणालात. आई गेल्यापासून तुम्हीच मला वडील, म्हणून मी तो शब्द गिळला. बैलाला भोंगा कळत नाही, एवढेच नम्रपणे निदर्शनास आणतो.

मुद्दा असा, की रंभेविषयी मी विचारले ते रीतीला धरूनच विचारले. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, हे मी आपणांस सांगायला नको. शिवाय मी औषधाच्या कारखान्यात स्टोअर-कारकून म्हणून कायम झालो आहे. क्वार्टरला दोन खोल्या, विजेचा दिवा, घरात नळ आणि मागे परस आहे. परसातली माती काळीभोर, अगदी लोण्यासारखी. शेजारचे उद्धवराव म्हणतात, अशी जागा खुद्द पुण्यात मिळायची नाही. आपण एकदा येऊन पाहावे, मग काय ते बोलावे.

आपला आज्ञाधारक,
ज्योतीराम


चऱ्होली
ता. ३ ऑक्टोबर १९५६

चि. ज्योतीराम, आशीर्वाद.

तुजं पत्र आलं. माजं शिकणं मोडीतलं. तुमची ही बाळबोध अक्षरं बगितली की डोळ्याला पाणी येतं. म्हणून रंभा वाचून दावती आणि मी सांगतो ते तीच लिवती. तवा तिच्याबद्दल लिवताना जरा जपून.

चहाचं म्हणशील तर तो म्हशीच्या आंबोणात घातला. फुकट गेला न्हाई.

बैलाला भोंगा कळत न्हाई म्हणतोस. बरूबर हाय, बैल शाना असतो. तू मातर भोंगा वाजला की उठतोस, वाजला की जेवतोस, वाजला की घरी येतोस. आणि ते घर तरी तुजं हाय का? उद्या साहेबानं ऊठ म्हटलं की नळ त्येचा, दिवा त्येचा, तुजी वळकटी तेवढी तुजी. माजी पोर काय वळकटीवर बसून संसार करणार व्हय?

चाकणच्या आडत्याच्या पोराचं स्थळ आलंय. यशवंतराव नाव. कांद्याची आडत, दोन मजली घर, घरावर नाव दगडात कोरलंय. त्यास्नी मी अजून व्हय म्हटलं न्हाई, कारण तू माज्या अक्काचा ल्योक. मार्गशीर्षापतोर थांबतो. तवर सोताच्या हातानं जमिनीत काय तरी उभं करून दाव. न्हाईतर रंभा चाकणला गेली म्हणून समज. तवर तू ह्या ओट्यावर यायचं न्हाई, आणि मी बी तुज्या भोंग्याखाली यायचा न्हाई.

सोपानराव

ता.क. वडील बोलतात तसंच शब्दाला शब्द लिहिते. शुद्ध करू का विचारलं तर अंगावर येतात. लिहिणार, रंभा.


पिंपरी
ता. २२ ऑक्टोबर १९५६

तीर्थरूप मामांस सादर नमस्कार.

आपल्या आज्ञेवर मी दोन शिफ्ट सतत विचार केला. एकात तर ओव्हरटाइमही होता. स्वतःच्या हाताने जमिनीत काही करून दाखव, असे आपण म्हणता. तर ऐकावे. कंपनीने दिलेल्या जागेत मी बीट लावत आहे. चार रांगा, एकेका रांगेत शंभर, असे एकूण चारशे बीट.

हे काम येरागबाळ्याचे नाही. पुण्यात मोठमोठ्या घरी हल्ली बीटच असते. रंगाने लाल, अंगाने घट्ट, हातात घेतले तर चांगले वजनदार. मी यासाठी एक इंग्रजी पुस्तक मिळवले आहे. त्यात 'शेवटचे हिम वितळले की कामास लागावे' असे लिहिले आहे. पिंपरीत हिम पडत नसल्यामुळे मी दसरा धरला.

आता आपणच सांगा, बैल असे करील का?

ज्योतीराम


चऱ्होली
ता. ५ नोव्हेंबर १९५६

चि. ज्योतीराम, लई लई आशीर्वाद.

तुजं पत्र मी रंभेला दोनदा वाचाय लावलं. बैल म्हटलं ते मागं घेतो. वीट लावतोस, ते बी चारशे! कंपनीनं जागा दिली म्हंजी कंपनी बी माणसांचीच म्हणायची. अक्का असती तर तिनं आज गावात साखर वाटली असती.

आता माजं ऐक, मी ह्यो ओटा सोताच्या हातानं बांधलाय. वीट लावताना दोरी धर, रांग वाकडी जाता कामा न्हाई. सांज-सकाळ पाणी मार, पाण्यावाचून वीट धरत न्हाई. चुना मुरलेला घे. आणि मुख्य म्हंजी एकाला एक चिकटून लाव. मधी बोट जाता कामा न्हाई. फट ऱ्हायली की उंदीर शिरला. हिम-बिम काय ते मला कळलं न्हाई, पण दसरा धरलास ते झ्याक केलंस.

चाकणच्या पाहुण्यास्नी सध्या थांबा म्हणून सांगितलंय.

सोपानराव

ता.क. वडिलांनी आज मला हाक मारताना 'रंभाबाई' म्हटलं. पत्रं अशीच येऊ द्यावीत. रंभा.


पिंपरी
ता. २६ नोव्हेंबर १९५६

तीर्थरूप मामांस नमस्कार.

शेतकऱ्याचे ज्ञान ते ज्ञान. जमिनीत चुना घालावा हे माझ्या पुस्तकात चाळिसाव्या पानावर आहे. आपण पुस्तक न उघडता सांगितलेत. दोरी धरून रांगा सरळ करून घेतल्या. पाणी दोन वेळा देतो.

एके ठिकाणी मात्र पुस्तकाचा आणि आपला मतभेद आहे. बीटचे एकेक बी म्हणजे तीन-चार बियांचा गड्डा असतो, त्यातून तितकेच कोंब येतात. पुस्तक म्हणते, त्यातला एक ठेवून बाकीचे उपटा आणि दोन रोपांत चार बोटे अंतर ठेवा. आपण म्हणता, मध्ये बोट जाता कामा नये. मी उपटायला बसलो होतो, तो आपले पत्र आठवून उठलो. इंग्रजाला आमची जमीन काय ठाऊक? एकही रोप काढले नाही. आता परसात पाय ठेवायला जागा नाही. उद्धवराव कुंपणावरून म्हणाले, 'अहो, विरळणी करा.' मी म्हटले, 'चऱ्होलीचे सोपानराव माझे मामा आहेत.' ते आपली बकरी बांधायला निघून गेले.

आणखी एक लहानशी गोष्ट, राग नसावा. शब्द 'बीट' असा आहे. आपण सगळीकडे 'वीट' म्हणता. इंग्रजी शब्द असल्यामुळे आपल्याकडून तसे होणे साहजिक आहे. परंतु चारचौघांत हसे होऊ नये, म्हणून भाच्याच्या नात्याने कळवले.

ज्योतीराम


चऱ्होली
ता. १३ डिसेंबर १९५६

चि. ज्योतीराम, आशीर्वाद.

तू पत्राच्या शेवटाला समद्यास्नी नमस्कार सांगितलास, तो पोचला. पोरगं मायाळू हाय असं तुजी मामी छबू म्हणाली.

परवा चाकणचं पाहुणं आलं. थांबा म्हटलं तरी आलं. यशवंतरावानं रंभेला आधी चालून दावाय लावलं, मग हात बगितलं, मग म्हणाला, दात दाव. मी म्हटलं, पाहुणं, तुमी वाट चुकला, बैलांचा बाजार तिकडं भरतो. माजा भाचा तिकडं चारशे वीट लावून बसलाय. मग काय, पाहुणं उठलं. ह्या खेपेला बी चहा आंबोणात गेला.

आणि काल पंचांसमोर तुजी आणि रंभेची सुपारी फोडली. तुज्या बाजूनं तुजं चुलतं नानासाहेब बसलं. ते म्हणालं, पोरगं एवढं करतंय ह्ये आमाला बी ठावं न्हवतं. लगीन माघात.

आता एक काम कर. संक्रांतीला ओट्यावर मंडळी येत्यात. नमुन्याला दोन वीट पाठीव. ठोकून बगायची म्हणत्यात. चांगली भाजलेली असली की खणकन वाजती.

सोपानराव

ता.क. दात दाखवले नाहीत. रंभा.


पिंपरी
ता. १० जानेवारी १९५७

तीर्थरूप मामांस आनंदपूर्वक नमस्कार.

सुपारीची बातमी वाचली त्या दिवशी मी स्टोअरातून कापसाच्या जागी गंधक दिले. कुणाला काही झाले नाही.

बीट उत्तम आहेत. पाला तर गुडघ्याला लागतो. आपल्या आज्ञेप्रमाणे दोन नमुने दूधवाल्याबरोबर पोत्यात घालून पाठवत आहे. कालच माझ्या परसातून स्वतःच्या हाताने काढले. शेंडे छाटून नीट बांधले आहेत. ते ठोकू नयेत, सुरीने कापावेत. आत लाल वलये दिसतील. भाजण्याचीही गरज नाही, वाफेवर अर्ध्या तासात होतात.

बाकीचे जमिनीत आहेत आणि तिथेच बरे आहेत. ते पाहण्यासाठी आपण मुद्दाम पिंपरीला येण्याची तसदी घेऊ नये. आपला भोंग्याविषयीचा नियम मोडावा असे मला वाटत नाही.

ज्योतीराम


चऱ्होली
ता. १६ जानेवारी १९५७

ज्योतीराम,

आशीर्वाद उद्या देईन, आज न्हाई.

संक्रांतीला ओट्यावर सोळा माणसं. तिळगूळ वाटून झाला. मी म्हटलं, आता माज्या जावयाची वीट बगा. हातात हातोडी घेऊन बसलोच हुतो. पोतं सोडलं, तर आत दोन लाल गड्डं! मग एकजण म्हणाला, सोपानराव, ह्या घराला जिना कुठनं? मी हातोडी हाणली. असं लाल शिंतोडं उडालं की छबू आतनं 'रगत रगत' करत धावली. नवं धोतर हुतं. तीन येळा धुतलं, डाग हाय तसा हाय.

रंभेला विचारलं तर ती म्हणती, तुज्या ब च्या पोटातली रेघ पुसट, म्हणून व वाचला. आरं, दिसभर कंपनीची शाई वापरतोस, एक रेघ ओढाय शाई सरली व्हय? घर न्हाई, भिंत न्हाई, आणि मी भाजीला दोरी धराय सांगत बसलो. वाफंवर वीट भाजत्यात म्हणून मी गावभर सांगितलं रं. कंपन्या काय बी करतील, म्हणालो.

फुटलेली सुपारी जोडता आली असती तर आज जोडली असती. चाकणला माणूस धाडला, तर त्येंनी मंचरची पोर बगितली. आणि माजा शब्द गेलाय पंचांसमोर. तवा लगीन १७ फेब्रुवारीला व्हनार.

पण ऐक. आंदणात तुला हजार वीट देतोय. खरी, भाजलेली. भाड्याच्या घरात उशाला घे. आणि तू ती चारशे बीट समदी उपटून लग्नाच्या पंगतीला आणायची. पंचास्नी मी सांगितलंय, घर खोटं तर खोटं, निदान भाजी तरी खरी हाय का ते मोजून घ्या. एक जरी कमी भरलं, तर वरात हाय तशी माघारी धाडीन. मग माजा शब्द मोडला असं कुणी म्हणणार न्हाई, तुजा मोडला असं म्हणतील.

सोपानराव


पिंपरी
ता. २१ जानेवारी १९५७

तीर्थरूप मामांस नमस्कार.

आपले पत्र वाचून मला जेवण गेले नाही. मी 'ब' ब सारखाच काढतो. इतकेच नव्हे, तर २६ नोव्हेंबरच्या पत्रात शब्द 'बीट' आहे, 'वीट' नव्हे, असे मी स्वच्छ लिहिले होते. ते पत्र कृपा करून गावच्या गुरुजींकडून पुन्हा वाचून घ्यावे. दोष कुणाचा ते त्यांना लगेच कळेल.

दुसरे असे, की आपण वीट समजून 'चिकटून लाव' म्हणालात आणि मी बीट चिकटून लावले. परिणाम व्हायचा तो झाला. आपणांस पाठवलेले ते दोन सोडले, तर बाकी सगळ्यांची मुळे उंदराच्या शेपटीएवढी आहेत. वर पाला, खाली शेपूट. उद्धवरावांची बकरी तेवढी आमच्यावर खूश आहे. तेव्हा चारशेची अट कृपा करून मागे घ्यावी. रंभेवाचून मला दुसरे काही नको, हे आता लाज सोडून लिहितो. चाकणचे स्थळ गेले असे वाचले, तेव्हा त्या एवढ्या पत्रात मला तेवढेच वाक्य गोड लागले.

ज्योतीराम


चऱ्होली
ता. २७ जानेवारी १९५७

नमस्कार.

तुमचं नाव घ्यायची रीत नाही, म्हणून नुसता नमस्कार. हे पत्र वडिलांचं नाही, माझं आहे. वडील जेवून आडवे झालेत आणि आई धोतराला लिंबू चोळते आहे.

तुमचं पत्र आलं. मी ते वडिलांना वाचून दाखवलं. असं वाचलं : 'मामा, माझं चुकलं. रेघ पुसटच होती. चारशे बीट घेऊन येतो.' वडील म्हणाले, एवढा मोठा कागद आणि मजकूर एवढाच? मी म्हटलं, अक्षर मोठं आहे.

तुमच्या ब ची रेघ पुसट नाही. तुम्ही ती अशी ओढता की कागद फाटतो. मी पहिल्या दिवसापासून बीट वाचलं आणि वीट म्हटलं. भाजी लावतोय असं वाचलं असतं, तर वडिलांनी हसत हसत मला दिवाळीतच चाकणला पाठवलं असतं. शब्द कसा म्हणावा ते तुम्ही वडिलांना शिकवायला गेलात, त्या जागी मी 'सर्वांना नमस्कार' असं वाचलं. कोंबांचं आणि पाल्याचं तर वाचलंच नाही. आणि पत्रं गुरुजींना दाखवायला सांगता? ती मी केव्हाच चुलीत घातली.

तुम्ही एवढे पुस्तक वाचणारे. भाजीला दोरी धर, मधी बोट जाता कामा नये, ठोकून बघतो, असं कुणी सांगतं तेव्हा एकदाही मनात आलं नाही की हा माणूस कशाबद्दल बोलतोय? आले तेवढे कोंब ठेवले की मूळ धरत नाही, हे आमच्या म्हशीला ठाऊक आहे. ते 'चिकटून लाव' लिहिताना मला तुमच्या रोपांची दया आली होती. पण रोपं वाचवायची की मी, असं होतं. तुम्ही पुस्तकाचं ऐकाल असं वाटलं होतं. मामाचं ऐकलंत, त्याला मी काय करू?

तुमच्या हुशारीवर भाळून हे केलं असं समजू नका. गेल्या वर्षी तुम्ही आला होता तेव्हा मळ्यातल्या पाटावर मला म्हणालात, 'रंभा, मी मामांना विचारणार आहे, पण तुला काय वाटतं?' मला तोवर कुणी काही विचारलं नव्हतं. यशवंतरावानं तर दात विचारले. त्या दिवशी मी उत्तर दिलं नाही, कारण माझ्या डोक्यावर गवताचा भारा होता. हे ते उत्तर.

आता तुमच्या त्या दोन बीटांबद्दल. कालच परसातून काढले म्हणता. त्यांना केळीच्या सोपटाच्या दोरीची गाठ होती. अशी गाठ मंडईतली भाजीवाली मारते, स्टोअर-कारकून मारत नाही. मुळाला चिकटलेली माती तांबडी होती, आणि तुमच्या परसातली काळीभोर, लोण्यासारखी, हे तुम्हीच पहिल्या पत्रात लिहिलंत. वडिलांनी हातोडी उचलली तेवढ्यात मी सोपट ओढून पदराखाली घेतलं. ते दोन सोडले तर बाकी शेपट्या, असं परवाच्या पत्रातही लिहिताय. खोटं बोलायचं तर नीट बोलावं हो.

तेव्हा फिटंफाट. तुम्ही माझी रेघ काढायची नाही आणि मी तुमचं सोपट काढणार नाही. गुरुजींचं नाव पुन्हा नको.

वडिलांचं एक मात्र खरं आहे. ते घर तुमचं नाही. आंदणाच्या हजार विटा उशाला घेऊ नका आणि साहेबालाही देऊ नका. परसात कोरड्या जागी रचून ठेवा, त्यांचं काम पडणार आहे. त्या चिकटूनच रचा, तिथं वडिलांचं ऐका.

सतरा तारखेला मंडईतून बीट आणा. आधी सोपटं सोडा, पाला राहू द्या, आणि तुमच्या परसातल्या काळ्या मातीत एकेक घोळून आणा. मोजणारे पाचही पंच शेतकरी आहेत, धुतलेल्या मुळावर ते विश्वास ठेवायचे नाहीत. आणि चारशे नव्हे, चारशे एक आणा. एक वडील हातोडीनं फोडणारच आहेत.

रंभा